पिक्चरआधीचं बोलणं

गोष्ट भर दुपारची आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. घुबडं, वादळवारा, विझता दिवा यातलं काही मिळायचं नाही. एका केबलवाल्याला सर्व्हरवर नवीन पिक्चर चढवायचे होते, एवढंच निमित्त.

हा केबलवाला आधी कॅसेटी भाड्यानं द्यायचा. मग त्यानं गच्च्यांवरून वायरी ओढल्या. वायरींचे दिवस सरले तसा दुकानाच्या मागच्या खोलीत सर्व्हर बसवला आणि वसाहतीत घरोघर एकेक डबा दिला. ज्याला जे बघायचं ते त्यानं हवं तेव्हा लावावं. "बाजारात टिकायचं तर सापासारखी कात टाकता आली पाहिजे," असं तो म्हणायचा. वाक्य त्याचं नव्हतं, भागीदाराचं होतं.

भागीदाराला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नसे. दोघांनी कामं वाटून घेतली होती. पिक्चर आणायचा, डिस्कवर उतरवायचा, सर्व्हरकडून त्याच्या लहानमोठ्या प्रती काढून घ्यायच्या, फोनसाठी वेगळी, टीव्हीसाठी वेगळी, मग वर चित्र लावायचं, खाली दोन ओळी माहिती लिहायची, ही सगळी हमाली केबलवाल्याची. रेडिओ फक्त खुर्चीत बसून कॅमेऱ्यासमोर मिनिटभर बोलायचा, आणि ते बोलणं पिक्चरच्या आधी जोडलं जायचं. "या मंडळी, बसा. आजचा पिक्चर रडका आहे. रुमाल घेऊन बसा. नवऱ्यांनी दोन घ्या..." लोक पिक्चर विसरत आणि बोलणं लक्षात ठेवत. एका गिऱ्हाइकानं तर तक्रार केली होती की पिक्चर फार लांब झाला आणि रेडिओ फार थोडा. केबलवाला हसला होता, पण दात दाखवण्यापुरताच. रांधणाऱ्याला कोण विचारतं? नाव वाढणाऱ्याचं होतं.

मग रेडिओ गेला. बोलता बोलताच गेला, त्याच खुर्चीत. यथावकाश केबलवाल्यानं रेडिओच्या बायकोशी लग्न केलं. लोकांनी नाकं मुरडली आणि कंटाळून पुन्हा सरळ केली. ज्या वहिनीच्या हातचा चहा तो इतकी वर्षं खाली मान घालून प्यायचा, ती त्याच्या घरात आली. आणखी काय पाहिजे माणसाला?

पाहिजे असतं. तीच तर गंमत आहे.

त्या दुपारी तो मागच्या खोलीत बसला होता. सर्व्हरची खोली थंड ठेवावी लागते. आत पंख्यांची एकसुरी घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. नवीन पिक्चरच्या प्रती निघत होत्या, म्हणून हात रिकामा होता. कुठल्या घरात काय लागलंय ते पडद्यावर दिसतं, ते तो चाळत बसला. शिंपीणबाईकडे विनोदी, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे मारामारी. आणि त्याच्या स्वतःच्या घरी एक पिक्चर सुरू झाला, मिनिटभरात बंद. दुसरा सुरू, बंद. तिसरा सुरू, बंद.

आधी वाटलं, रिमोट बिघडला असेल. मग डोक्यात उजेड पडला. ती पिक्चर बघतच नव्हती, पिक्चरआधीचं बोलणं बघत होती.

त्यानं पडदाच बंद केला.

संध्याकाळी त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "दुपारी काय केलंस?"

"काही नाही. पडले होते जरा," ती म्हणाली. इतक्या गोडीनं म्हणाली, की चिडायलाही जागा ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः त्या खुर्चीत बसला. चौकड्यांचा नवा शर्ट घातला, घसा खाकरला आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "नमस्कार. पिक्चर सुरू होत आहे. आवाज कमी ठेवा." झालं. याहून जास्त त्याला सुचेना. हाच तुकडा त्यानं एका दमात रेडिओच्या सगळ्या तुकड्यांवर चढवला, त्याच जुन्या नावांनी.

इथं तो चुकला. रेडिओ असताना दहादा सांगायचा, "अरे, जुन्याच्या नावावर नवीन चढवू नकोस. आधी जुनं काढ, जागा मोकळी कर, मग नवीन ठेव. नाहीतर कुठलं कोण ते सर्व्हरला कळत नाही." पण जळणाऱ्या माणसाला जागा मोकळी होईपर्यंत दम नसतो. त्याला दुसऱ्याच्या जागेवरच बसायचं असतं.

दुपारी शिंपीणबाईचा फोन आला.

"अहो केबलवाले, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! हसून हसून सुईत दोरा ओवेना मला."

"कशाला हसलात?"

"कशाला म्हणजे? ती सासूची आणि कुलपाची गोष्ट सांगितलीत ती! आमचे हे तर ठसकाच लागून बसलेत. इतकी वर्षं तोंडाला काय शिवण मारली होतीत?"

"मी... सांगितली?"

"नाहीतर कोणी? तुमचंच तोंड, तुमचाच तो चौकड्यांचा शर्ट. बाही थोडी ढिली झालीय हो. आणा, करून देते."

सासू आणि कुलूप त्यानं कधी एका वाक्यात आणले नव्हते. पण गिऱ्हाइकानं चुकून जास्त स्तुती केली तर ती परत करायची रीत कुठल्याच धंद्यात नाही. "आवडली ना? बास," असं म्हणून त्यानं ती खिशात टाकली.

घरी गेला तर बायकोचा चेहरा उजळलेला. पाण्याचा तांब्या देताना बोटाला बोट लागलं, तर तिनं हात मागे घेतला नाही. लग्न झाल्यापासून तो याच गोष्टीची वाट बघत होता.

"आज मला मुंगी म्हणालात," ती हळूच म्हणाली.

त्यानं तांब्या खाली ठेवला. मुंगी. हे नाव रेडिओचं होतं. एकदाच, चुकून, स्वयंपाकघराच्या दारात ते त्याच्या कानावर पडलं होतं, आणि तेव्हापासून कुसळासारखं रुतून बसलं होतं.

"सगळ्या लोकांसमोर?"

"छे! लोकांसमोर कसं? पिक्चर सुरू व्हायच्या आधी जरा थांबलात... इकडे बघितलंत... आणि म्हणालात."

"मग?"

"मग काय... बोललोच की आपण. विसरलात?" ती हसली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या सुमारास त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तो तुकडा उघडून बघितला. पडद्यावर तोच, काठी गिळल्यासारखा बसलेला. नमस्कार, पिक्चर, आवाज. संपला. पुन्हा लावला. तेवढाच. सासू नाही, कुलूप नाही, मुंगी तर नाहीच. घरोघरचे डबे जुनं बोलणं साठवून ठेवतात आणि नवं पोचायला कधी कधी वेळ लागतो, हे त्याला माहीत होतं. पण जुन्यात चेहरा रेडिओचा होता. लोकांनी चेहरा त्याचा बघितला होता.

त्यानं घरांची माहिती उघडली. आपल्या घराच्या नावासमोर तोच तुकडा लागलेला. डोळ्याची पापणी लवेतो संपणारा तुकडा तिनं जेवण उरकल्यावर लावला होता. उन्हं कलायला आली तरी तो चालूच होता.

परक्या पुरुषावर जळणारे नवरे खूप असतात. स्वतःच्याच तोंडावर जळलेला माणूस मात्र मी हा एकच ऐकला. त्या तोंडाला काय काय बोलता येत होतं! त्याच्यासमोर ती मोकळी हसत होती. आणि हा इथं, थंडगार खोलीत, पंख्यांची घरघर ऐकत.

त्यानं तुकडे पुसले. सगळे. मग त्यांच्या प्रती पुसल्या, राखून ठेवलेल्या जादा प्रतीही पुसल्या. रेडिओनं सांगितलेलं जुनं काढायचं काम आता उलट्या बाजूनं केलं. डिस्कवर त्या नावाचं काही उरलं नाही.

घराच्या नावासमोरचा तुकडा चालूच राहिला.

त्यानं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिनं उचलला. मागे कोणी हसत होतं. ते हसू ओळखायला त्याला क्षण लागला, कारण आपलं हसू आपण बाहेरून कुठं ऐकतो?

"टीव्ही बंद कर."

"कोण बोलतंय?"

"अगं... मी."

मग तिनं फोनवर हात ठेवला असावा, आवाज दबका झाला. "अहो... कोणीतरी अगदी तुमच्यासारखं बोलतंय..."

आणि त्याचाच आवाज, निवांत, जवळून आला, "असेल कोणी. ठेव तू."

तो कसा पळाला ते त्यालाच ठाऊक. शटर तसंच अर्धं. रस्त्यात शिंपीणबाई मशीनवर बसल्या बसल्या ओरडली, "अहो, आत्ताच तर गेलात ना घरी! परत कुठून उगवलात?" तो थांबला नाही.

दार तिनंच उघडलं. केस नुकतेच विंचरलेले. तिच्या खांद्यावरून आतला टीव्ही दिसत होता. पडद्यावर दुकानाची मागची खोली आणि रिकामी खुर्ची. खुर्चीच्या गादीवर कोणी आत्ताच उठून गेल्यासारखा खळगा. टीव्हीसमोरच्या स्टुलावर चहाचे दोन कप, दोन्ही अर्धे प्यालेले.

तिनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, घाबरूनही नाही. दारात आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

"तुम्हीच फोन केला होतात का मगाशी?" ती अदबीनं म्हणाली. "थांबा हं, आहेत ते घरात." आणि आत वळून तिनं हाक मारली, "अहो... ऐकलंत का?"

त्या हाकेत जे होतं ते त्याला इतक्या दिवसांत एकदाही मिळालं नव्हतं.

आतून पावलं येऊ लागली. सावकाश, एक जरा ओढत, तो स्वतः चालायचा तशी. त्याची नजर खाली गेली. उंबऱ्याशी त्याच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. त्याच, अंगठ्यापाशी शिवलेल्या, एका टाचेला झिजलेल्या, रस्त्याची ताजी धूळ लागलेल्या.

आपल्या पायात मग काय आहे, हे खाली वाकून बघायचा त्याला धीर झाला नाही.