नव्या फोनमधला गजर

बाई पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासत. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावरून लेखकांशी हुज्जत घालण्यात त्यांची हयात गेली होती. फोन बदलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. पण जुन्याला अपडेट येणं बंद झालं आणि धाकटी बहीण हटूनच बसली. "आमच्या सगळ्यांची सिस्टिम एक आणि तुझीच वेगळी. ताई, आता तरी बदल."

दुकानदाराने दोन्ही फोन केबलने जोडले. तासाभरात फोटो गेले, नंबर गेले, बहिणीशी झालेल्या गप्पासुद्धा गेल्या.

"मागे जायचं बटण कुठंय?" बाईंनी विचारलं.

"यात नसतं. कडेवरून बोट सरकवायचं. आणि गजर तेवढे येत नाहीत हं. सिस्टिम वेगळी पडते ना. ते नव्याने लावा."

घरी नवरा झोपलेला होता. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्याची रात्रपाळी असे. दुपारी आतल्या खोलीत पडदे ओढून तो झोपे आणि पाचला आपला आपण उठे. बाई बाहेरच्या टेबलावर भूगोलाची पानं घेऊन बसल्या. चार वाजून दहा मिनिटांनी नवा फोन वाजला. गजर होता. त्याखाली लिहिलं होतं : त्याला उठव.

दुकानदाराचा चाळा असेल, म्हणून बाईंनी तो पुसून टाकला. नवरा पाचला उठला, पण चहा निवेपर्यंत कप हातातच धरून बसला.

"पाय भरून आलेत," तो म्हणाला. "खूप जिने उतरल्यासारखे."

दुसऱ्या दिवशी चार-दहालाच पुन्हा गजर झाला. तेच शब्द. या वेळी बाईंच्या सवयीच्या नजरेला एक गोष्ट दिसली. शेवटी पूर्णविराम होता. गजराच्या नावापुढे पूर्णविराम देणारं माणूस त्यांच्या ओळखीत एकच होतं, त्या स्वतः.

त्या आत गेल्या. चादर उबदार होती, नवऱ्याचा खांदा मात्र गार. चार हाका मारल्यावर त्याने डोळे उघडले आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"कोणीतरी जिन्यावरून वर येत होतं," तो म्हणाला. "माझाच शर्ट होता त्याच्या अंगात."

"स्वप्न असेल."

"असेल."

तिसऱ्या दिवशी गजर पावणेचारलाच झाला. आज लवकर उठव. बाई पळतच आत गेल्या. त्या दिवशी हाका मारून मारून त्यांचा घसा बसला, तेव्हा कुठे त्याने कूस बदलली.

चौथ्या दिवशी सकाळीच त्यांनी दुकान गाठलं. दुकानदाराने फोन उलटापालटा करून पाहिला.

"बाई, यात एकही गजर नाहीये. कधी लावलेलाच दिसत नाही." त्यांचा चेहरा बघून त्याने फोन पार कोरा केला आणि सगळं पुन्हा भरून दिलं.

दुपारी बाईंनी फोन कागदांशेजारी उताणा ठेवला. पावणेचार झाले. चार-दहा झाले. फोन गप्प. बाईंचा जीव भांड्यात पडला. तीन दिवस साचलेली भूगोलाची पानं त्यांनी भराभर हातावेगळी करायला घेतली.

पावणेपाचला नवरा बाहेर आला. केस विंचरलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"आज छान झोप झाली," तो म्हणाला.

बाईंनी चहा टाकला. तो समोर बसून गरम गरमच प्यायला.

"पाय कसे आहेत?"

"पायांना काय झालंय?" तो हसला. बाईही हसल्या. किती दिवसांनी.

आतल्या खोलीत पलंग करकरला.

कोणीतरी जांभई दिली. लांबलचक, शेवटी जराशी कण्हल्यासारखी. सव्वीस वर्षं बाई ती रोज ऐकत आल्या होत्या.

"अगं," आतून झोपेने जड झालेला आवाज आला, "आज उठवलं नाहीस?"

बाईंनी समोरच्याच्या अंगातल्या शर्टाकडे पाहिलं.

समोरच्याने कप बशीत ठेवला, जराही आवाज न करता. मग तो उठला आणि कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून ओढावं, तितक्याच हळू त्याने आतल्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं.