घुसळणीच्या खाली

घुसळणीनं डॉक्टरीणबाईंना बाहेर फेकलं, तेव्हा त्यांची कयाक, एकटीनं वल्हवायची ती निमुळती नाव, केव्हाच पुढं निघून गेली होती. घुसळण म्हणजे नदीतली ती जागा, जिथं पाणी तीन खडकांत अडकून वेड्यासारखं फिरतं. उजवा खांदा डाव्या हातानं धरून, निथळत त्या काठाकाठानं खाली आल्या. वळणावर एक गृहस्थ कमरेएवढ्या पाण्यात कयाकचं नाक धरून उभे होते.

"रिकामी नाव आली. म्हटलं, मालकीणबाई मागून येतील... नाहीतर मला त्यांना शोधायला पळावं लागेल."

"आणि पळाला असतात?"

"अर्धा पळालोच होतो. बघा ना, पायात एकच बूट उरलाय."

बाईंना हसू फुटलं. खांद्यातून कळ आली, तरी हसू थांबेना.

ते नदीची पातळी मोजणारे होते. वीस वर्षं रोज दोनदा, काठावरच्या खांबावरचे आकडे वाचून पाटबंधारे खात्याला कळवायचे. चौथ्या दिवशी ते बाईंच्या दवाखान्यात आले, दाढ धरून. खुर्चीत बसले, आ वासला, आणि बाईंना हवा तसा श्रोता मिळाला.

"येत्या रविवारी अठ्ठेचाळीस पूर्ण होतील मला. बहीण म्हणते, आता पुरे. हा हात गेला तर दाढा कोण काढणार? तिचं खरंय. पण विसाव्या वर्षापासून उतरतेय मी घुसळणीत... रविवारी उतरणारच!"

"आँ—"

"बोलू नका."

कापूस निघाल्यावर ते म्हणाले, "मी एवढंच विचारत होतो... नाव उलटलीच, तर तुम्हाला ओढून घ्यायला काठावरून दोर फेकणारं कुणी हवंय का?"

बाईंनी उपदेश ऐकायची तयारी केली होती. हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवायचं त्या विसरूनच गेल्या.

मग रोज संध्याकाळी त्या त्यांना दोर फेकायला शिकवू लागल्या. दोर पाण्यापेक्षा झुडपांतच जास्त पडायचा. "झुडूप वाचलं," बाई म्हणायच्या, आणि ते कानापर्यंत लाल व्हायचे.

रविवारी पाणी चढलेलं होतं. ते खालच्या खडकावर पाय रोवून उभे होते, चेहरा पांढराफटक, पण तोंडातून अवाक्षर नाही. बाई वर उभ्या राहून पाणी बघत राहिल्या. खडकांमधली डावी वाट पकडायची तर उजव्या हातानं वल्ह्याचे तीन जोरकस फटके हवेत. त्यांनी उजवा हात डोक्यावर न्यायला उचलला. अर्ध्यातच अडकला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

त्यांनी कयाक खांद्यावर घेतली, डाव्या खांद्यावर, आणि चालत खाली आल्या.

"आज नाही?"

"घुसळण आता कधीच नाही. ठरवलं." डोळे भरले होते, आवाज मात्र पक्का होता. "नदी सोडत नाहीये हं. अजून वीस वर्षं वल्हं मारायचंय मला."

"मी काही म्हणालो नाही—"

"काही म्हणाला नाहीत, म्हणून तर माझं मला ठरवता आलं."

पुढच्या रविवारी बाईंनी दोन माणसांची कयाक आणली. आयुष्य नदीकाठी काढलेला हा माणूस नावेत, बाईंच्या पुढं, पहिल्यांदाच बसत होता. साध्याशा खळखळाटात लाट थेट त्यांच्या तोंडावर आली, आणि ते मोठ्यानं ओरडले. खाली संथ पाण्यात पोचल्यावर मात्र त्यांनी नावेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"घाबरलात?"

"हो. पण पाण्याला नाही..." ते मागं वळू लागले. "तुम्ही मला फार आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

"अहो, हलू नका! नाव उलटेल!"

"मग हो म्हणा. लगेच सरळ बसतो."

"हो!" बाई म्हणाल्या. "हो म्हटलं ना... आता बसा!"

पण ते वळलेच. दोघंही पाण्यात पडले.