फाटकावरची बदली

दिवा जरा इकडे सरकवा, आणि मध्येच ‘मग? मग?’ करू नका. आधीच माझं डोकं ठिकाणावर नाही. क्रमाने सांगतो.

मी वाफेच्या लाइनवरचा फिटर. आमच्या गावामागची जमीन आतून तापलेली आहे. तिच्या पोटातली वाफ काढायची, त्यावर पाणी तापवायचं आणि पाइपांतून घरोघरी पोचवायचं, हे आमचं काम. माझा थोरला भाऊ तिथेच मुकादम होता. मागच्या थंडीत शेवटच्या पट्ट्यात जमीन खचली आणि दादा आत गेला. हाती लागली ती फक्त त्याची टोपी. साहेबांनी तो पट्टा बंद केला, आतला पाइप उखडून नेला, फाटकाला कुलूप घातलं.

वहिनीने मात्र तेव्हापासून घराच्या दाराला कडी लावली नाही. रात्रभर दार नुसतं लोटलेलं. देह मिळाला नाही म्हणजे माणूस गेला नाही, असं तिचं म्हणणं. थंडीवारा, चोरचिलट, कशाची फिकीर नाही. मी समजावून थकलो. शेवटी म्हटलं, चला, ती जागा एकदा डोळ्यांनी बघा. मनात हेतू एवढाच की बघेल, पोटभर रडेल आणि दार लावून झोपायला लागेल. मला दुसरं काही नको होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच गाडी काढली. सरळ गेलो असतो तर दुपारच्या आत परत. पण वहिनीचं ‘आलोच आहोत तर’ सुरू झालं. आलोच आहोत तर ज्वालामुखीचं तोंड बघू. बघितलं. वर धुकं, खाली धुकं, मध्ये आम्ही दोघं कुडकुडत. आलोच आहोत तर चिखलाची कुंडं बघू. तीही बघितली. राखाडी चिखल रटरटतोय, बुडबुडा फुगतो, फुटतो, आणि गंधकाचा वास असा की नाकाला रुमाल लावावा तर रुमालालाही तोच वास. वहिनी कठड्याला टेकून अर्धा तास उभी.

“ह्यांनी मला हे कधी दाखवलं नाही,” ती म्हणाली.

“रोज बघणाऱ्याला काय कौतुक, वहिनी. चला.”

पुढे लाव्हाचं मैदान लागलं. काळं, ओबडधोबड, नजर जाईल तिथवर.

“भाऊजी, थांबवा. तो बघायचाय.”

“वहिनी, तो दगड आहे.”

“काळा आहे.”

“इथले सगळेच काळे आहेत.”

थांबवली. काय करता? तिला त्या फाटकापर्यंत जायचंही होतं आणि पोचायचंही नव्हतं, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून राग गिळत होतो, पण गिळून गिळून पोट भरलं होतं.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वारा पडला होता आणि वाफ जमिनीलगत साचून राहिली होती. फाटकाच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. ओल्या लोखंडाचा वास. आतून कुठूनतरी जमिनीचा सुस्कारा यावा तसा आवाज, मग शांतता. मुख्य लाइनला जोडलेला जुन्या पाइपचा एक तुकडा फाटकाखालून आत गेला होता आणि चार हातांवर कापलेला होता. त्याला पुढे काही नव्हतं.

आमच्या कामाची एक रीत आहे. वाफेत माणूस दिसत नाही आणि ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही पान्याने पाइपवर ठोकून बोलतो. प्रत्येक गोष्टीची खूण ठरलेली, प्रत्येक माणसाचीही खूण ठरलेली. दादाने घरी गमतीगमतीत वहिनीला एक खूण शिकवली होती, ‘कुठे आहेस?’ एवढीच. तो अंघोळीला बसला की ती स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाइपवर ठोकायची आणि तो आतून उत्तर द्यायचा.

मी गाडी वळवून लावत होतो तेवढ्यात तिने डिकीतला पाना काढला आणि पाइपवर ठोकलं. कुठे आहेस?

“वहिनी, ठेवा तो पाना.”

“गप्प बसा जरा.”

आणि वाफेतून उत्तर आलं. इथे आहे.

मी पाइपवर हात ठेवला. बंद लाइन, गार हवी. कोमट होती... पुन्हा ठोके आले. दादाचा अंगठा जुन्या मारामुळे अधू होता, त्याचा शेवटचा ठोका नेहमी जरा मागे राहायचा. हाही राहिला.

वहिनी फाटकाखालून आत शिरायला लागली. मी तिचं मनगट धरलं. आतली जमीन म्हणजे दुधावरची साय, पाय पडला की गेलीच.

“सोडा मला. ते आत आहेत.”

“आत पाइपच नाहीये, वहिनी.”

“मग वाजतंय... कशावर?”

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण भीतीहून जास्त संताप आला होता. दिवसभराचा सगळा. मी तिच्या हातातून पाना हिसकावला आणि मुकादम संध्याकाळी वाजवतो ती खूण वाजवली. काम संपलं, सगळे घरी चला.

“झालं. सांगितलं त्याला. येईल घरी आपापला. आता बसा गाडीत.”

आणि ती बसली. एखाद्या शहाण्या मुलीसारखी. मी दार लावतोय तोच मागून दोन ठोके पडले. ‘कळलं’ ही खूण.

मुख्य लाइन गावापर्यंत रस्त्याच्या कडेनेच येते. मी खिडक्या बंद ठेवल्या, पंखा मोठा केला, तिकडे बघितलंच नाही. निम्म्या रस्त्यात आठवलं की घरी चलाची खूण देणाऱ्याने शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत फाटक सोडायचं नसतं. हा नियम दादाचा. फाटक रिकामं दिसलं की आधी तो स्वतः तिथे उभा राहायचा आणि मग शिव्या घालायचा. मनात म्हटलं, जाऊ दे, कुठला नियम आणि कुठलं काय. गाडी वळवली नाही.

वहिनीला घरी सोडलं. तिने पाणी तापलंय का बघायला नळ सोडला, आणि स्वयंपाकघरातला पाइप वाजला. पोचलो, अशी खूण. ठोकणारा हात ओळखीचा नव्हता. मग वरच्या मजल्यावर वाजलं, मग शेजारच्या भिंतीत. पोचलो. पोचलो. त्या जमिनीने दादाच्या आधीही माणसं घेतली होती, आणि मी खूण ‘सगळ्यांना’ दिली होती.

वहिनी पाइपला कान लावून उभी होती. “हे नव्हेत,” ती म्हणाली. “हेही नव्हेत.”

बऱ्याच वेळाने एक खूण लांबून, अगदी हळू आली. शेवटचा ठोका मागे राहिलेला. वहिनीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

“काय म्हणाले?”

तो म्हणाला होता, फाटकावर आहे, बदलीला माणूस पाठवा.

“सुखरूप आहे म्हणतो,” मी सांगितलं. “काळजी करू नका म्हणतो.”

त्या रात्री वहिनीने दाराला कडी लावली. आता रोज लावते, वेळेवर जेवते, अंगाने भरली आहे. मला हवं होतं ते झालं, तक्रार कोणाकडे करणार? मी गावातलं काम मागून घेतलं, लाइनवर जात नाही. पण संध्याकाळी मला तिच्याकडे जावं लागतं, कारण तिला त्याचं बोलणं समजावून सांगायला दुसरं कोणी नाही. रोज तेच. बदली पाठवा. रोज मी काहीतरी गोड बनवून सांगतो.

काल त्याने बदलीला कोणाला पाठवायचं, त्या माणसाची खूणही वाजवली. सावकाश, नीट, चुकू नये अशी.

वहिनी हसली. “आज जास्त बोलले, नाही भाऊजी?”