शकूच्या अंगावरचे डाग

"पुष्पलता चुरी, खासगी तपास" ही पालघर स्टेशनसमोरच्या माडीवरची पाटी वाचून लोक हसत, आणि अडचण आली की मुकाट्याने जिना चढत.

त्या गुरुवारी सुगंधा जिना चढून आली.

"सोमवारी हवालदार मला न्यायला येणार आहेत, बाई. मी पोरीला मारते म्हणे!"

"मारता?" पुष्पलताबाईंनी सरळ विचारलं.

"सहा वर्षांच्या लेकराला? कधी चापटसुद्धा नाही. पण सावत्र ना मी!"

तिचा नवरा पंढरी घाटावरचा, तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर. शकू त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची. महिन्याभरात शकूच्या अंगावर काळेनिळे डाग उठले आणि सासूने, साखरबाईंनी, चौकीवर तक्रार केली.

"वहिनी, सावत्र आई म्हणजे..." पुष्पलताबाईंचे दीर दादू म्हणाले. टिपणवही त्यांच्याकडे असे.

"ते वाक्य पुरं करू नका, भावोजी. चला बोईसरला."

बोईसरच्या घरात शकू गोधडीवर पडली होती. पुष्पलताबाईंनी तिचा हात उचलला.

"भावोजी, काय दिसतं?"

"मांडीवरचा डाग पिवळट पडलाय. दंडावरचे जांभळे, ताजे. मध्ये मोहरीएवढे लाल ठिपके. बांगडी रुतली तिथे तर ठिपक्यांचं कडंच आहे."

"हिरड्यांतून रक्तही येतं," सुगंधा म्हणाली. "भावाच्या लग्नाला माहेरी गेले होते आठ दिवस. काल रात्री आले तर ही अशी!"

"जायच्या आधी मारून गेली!" साखरबाई कडाडल्या. "पोर रोज संध्याकाळी तापते, पहाटे घामानं भिजते. गुडघे धरून रडते. मार खाल्ल्यावर दुसरं काय होणार?"

"दूध पिते का?"

"माझ्या हातचं नाही," सुगंधा म्हणाली. "मी तीन उकळ्या आणून देते, पेला तसाच राहतो. सकाळी तिला भूकच नसते."

"उकळून उकळून सत्त्व घालवते ही! आमच्याकडे तालमीतली पोरं..." साखरबाई एकदम थांबल्या. "जाऊ दे. मला तर दूध सोसतच नाही."

मागच्या दारी शेळी बांधली होती. कास भरलेली, पण करडू दिसेना.

"मेलेलंच पडलं," साखरबाई म्हणाल्या.

शेळी उमरोळीच्या जिव्याच्या कळपात चरायला जाई. तो पायवाटेवरच भेटला.

"ती मनोरच्या बाजारातली हाय," जिव्या म्हणाला. "दोनदा गाभडली. आमी तवाच म्हातारीला सांगितला, हिचा दूध कच्चा नको पाजू, पोरीला ताप भरंल. ती मला म्हनं, तू जंगलातला, तुला काय कलतंय!"

त्याच संध्याकाळी पुष्पलताबाईंनी शकूला पालघरच्या दवाखान्यात हलवलं. रक्ताचा नमुना मुंबईला गेला.

सोमवारी सकाळी हवालदार पंढरीच्या दारात हजर झाले. घरात पंढरी, सुगंधा, साखरबाई. पाठोपाठ दादू आणि पुष्पलताबाई आल्या.

"चला बाई," हवालदार सुगंधाला म्हणाले.

"थांबा. हवालदार, मुका मार कसे रंग बदलतो?"

"आधी लाल-जांभळा, मग हिरवट, शेवटी पिवळा."

"किती दिवसांत?"

"आठवड्याभरात जांभळा जातोच."

"सुगंधाबाई आठ दिवस माहेरी होत्या. गुरुवारी दंडावरचे डाग जांभळे होते. त्या घरात नसताना मारलं कोणी?"

हवालदारांनी साखरबाईंकडे पाहिलं.

"मी नाही हो!" त्या किंचाळल्या.

"तुम्हीही नाही. बांगडी टेकली तरी ठिपके उठतात, ते माराने नव्हे. रक्तच थांबत नाही, म्हणून हिरड्याही वाहतात. संध्याकाळचा ताप, पहाटेचा घाम, गुडघ्यांची कळ, हे सगळं एकाच रोगाचं." त्यांनी मुंबईचा कागद काढला. "ब्रुसेला नावाचे जंतू. गाभडलेल्या शेळीच्या दुधातून येतात. रक्त गोठवणाऱ्या बारीक कणिका यात कमी होतात, आणि कातडीखाली आपोआप डाग पडतात."

"पण सुगंधाबाई तर दूध तीन वेळा उकळतात," दादू म्हणाले.

"म्हणूनच तो पेला भरलेला राहायचा, भावोजी. पोरीचं पोट आधीच भरलेलं असे. तालमीतली पोरं काय पितात, साखरबाई? तुमचं वाक्य अर्धं राहिलं होतं."

साखरबाई पुटपुटल्या, "धारोष्ण दूध. ही उठायच्या आधी कासेखाली पेला धरायचे... पोरीनं बाळसं धरावं म्हणून."

"आई!" पंढरी ओरडला.

"आज ओरडता?" पुष्पलताबाई त्याच्याकडे वळल्या. "महिनाभर पोर तापत होती. डॉक्टरकडे कोणी नेलं नाही, नेलं ते चौकीवर! सावत्र हा शब्द मिळाला की पुढचं कुणी बघायचंच नाही? जिव्यानं सांगितलं होतं, त्याचं ऐकलं नाही, कारण तो जंगलातला. आणखी आठ दिवस गेले असते, तर या बाई कोठडीत असत्या आणि शकू जगातच नसती."

"वाचेल ना?" पंढरीने कसंबसं विचारलं.

"सुया सुरू आहेत. काल ताप उतरला."

हवालदार टोपी सारखी करत म्हणाले, "बाई, तुम्ही सुटलात."

"मी केलं काय होतं, की सुटावं?" सुगंधा म्हणाली.

ती आत गेली. दूधवाल्याकडचं दूध तिने शेगडीवर ठेवलं. दवाखान्यात न्यायचं होतं.

"सूनबाई, मी भल्यासाठीच..."

"तीन उकळ्या येईपर्यंत थांबेन मी, आत्याबाई. आणि जिव्याचंच खरं होतं, हे त्याला मी सांगू, की तुम्ही?"

साखरबाई पदर सारखा करून उठल्या, चपला पायात सरकवल्या आणि एकट्याच उमरोळीच्या वाटेला लागल्या.