खुडूक कोंबडी सोयऱ्याच्या घरी

एक खापर डोळ्यांपुढं आणा. फुटक्या माठाचं बूड, ओंजळीएवढं खोलगट. त्यात थोडंसं पाणी आहे. आता त्या पाण्याभोवती एक अंगण आणा, भेगाळलेलं. अंगणाच्या कडेला बोराटीच्या काट्यांचं कुंपण, पलीकडं कोरडा ओढा, ओढ्याच्या काठी एक बाभूळ. ऊन उतरत आलंय... आणि त्या बाभळीखालून कुणीतरी पाण्याकडं टक लावून बघतंय.

दिसलं? मग ऐका. थोडी भीती वाटेल, वाटू द्या.

तेर गावाच्या अलीकडं एका वाडीत चांगुणा राहायची. एकोणीस वर्षांची होती. वाकळ शिवण्यात तिच्या हातासारखा हात वाडीत दुसरा नव्हता. साल शहाऐंशी, दुष्काळाचं. टँकर आला की रिकाम्या घागरींचाच आवाज मोठा व्हायचा. चांगुणाचे भाऊ-भावजय ऊसतोडीला गेले होते. घरात म्हातारी आई बानूबाई आणि भावाची सात वर्षांची पोर, हरणा.

हरणाची एक कोंबडी होती. पिसं भाजलेल्या बाजरीच्या रंगाची, म्हणून नाव बाजरी. हरणाची आई ऊसतोडीला निघाली तेव्हा बाजरी नुसती तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली. आईनं ती हरणाच्या हातात दिली आणि म्हणाली, "हिला जप. ही पिलं काढंल तवर कारखान्याचा पट्टा पडंल, आन मी येते." पट्टा पडणं म्हणजे उसाचा हंगाम संपणं. आता बाजरी अंड्यांवर बसली होती, आणि हरणा तिच्यासाठी आपल्या वाटणीच्या पाण्यातून रोज खापर भरून ठेवत होती.

त्या संध्याकाळी चांगुणा चूल फुंकत होती. बाहेर एकदम फडफड झाली आणि कोंबडीचा असा आवाज आला की तिच्या हातातली फुंकणी गळून पडली. ती धावत बाहेर आली. कोंबडी झाकायचं डालगं उलटं पडलं होतं, आणि वाळल्या गवताच्या रंगाचं एक रानमांजर बाजरीला पाठीला धरून कुंपणाकडं ओढत होतं. त्यानं मान वळवून चांगुणाकडं बघितलं. पळालं नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून काहीतरी चकाकत आलं आणि खणकन कुंपणावर आदळलं. दुधाच्या किटलीचं झाकण होतं ते. मांजरानं बाजरीला टाकलं आणि ओढ्यात उडी घेतली.

रस्त्यावर एक तरुण सायकल धरून उभा होता. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या. दूध सोसायटीनं या वाटेवर नवा माणूस नेमला होता, मच्छिंद्र त्याचं नाव.

"मेली का?" त्यानं विचारलं.

"न्हाय... जीव हाय." चांगुणानं बाजरीला पदरात उचललं. पाठीची कातडी वाकळ फाटावी तशी सुटून लोंबत होती. शेजारचे आबाराव कुंपणाशी येऊन म्हणाले, "कापून टाक पोरी, मरायच्या आत. आमच्याकडं द्या एक वाटी."

हरणा चांगुणाच्या लुगड्याला घट्ट बिलगली. मग ती एवढंच पुटपुटली, "आत्या, बाजरी मेली तर आई येनार न्हाय."

चांगुणानं त्या पोरीकडं बघितलं. मग बाजरीकडं. मग घराकडं वळून म्हणाली, "आई, पानी उकळाया ठेव. माजी सुई टाक त्यात, दोरा बी."

"मीठ घाला थोडं," मच्छिंद्र म्हणाला. "आन माज्याकडं लाल औषध हाय. म्हशीची कास धुवायचं."

"तुमाला येतं का कायी?"

"म्हशीचं येतं. कोंबडीला आजवर हात लावला न्हाय."

"आज लावा."

चुलीच्या उजेडात मच्छिंद्रनं कोंबडी धरली. चांगुणानं जखमेभोवतीची पिसं एकेक उपटली, कोमट झालेल्या पाण्यानं माती धुऊन काढली, औषधाच्या गुलाबी पाण्यात फडकं बुडवून पुसलं. बाजरी डोळे मिटून होती. पापणी खालून वर येत होती, हळू, फार हळू. प्रत्येक वेळी ती परत उघडते का, हे हरणासकट तिघंही बघत होती.

"हलू देऊ नका," चांगुणा म्हणाली.

"ती हलत न्हाय."

"मग कोन थरथरतंय?"

मच्छिंद्रनं मान दुसरीकडं वळवली. "तुमी टाका टाका. म्या भिताडाकडं बगतो."

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. टाका पडेपर्यंत तो तिच्याकडंच बघत राहिला. बानूबाई चुलीपाशी हसू दाबत होती, आणि थंड पडू लागलेली अंडी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून चुलीच्या वैलाजवळच्या उबेत ठेवत होती.

शेवटचा टाका झाला तेव्हा बाहेर अंधारलं होतं. हरणा पुढं धावली. चांगुणानं हात आडवा धरला. "भ्यालेल्या जिवाजवळ पळत जायचं न्हाय, हरणा. हळू जायचं. आपन हळू असलो की त्यालाबी वाटतं, भ्यायासारखं कायी न्हाय."

मच्छिंद्र उठला. "अंड्यांचं काय?"

"काय हुनार... हिला आता बसवता येत न्हाय. वाडीत दुसरी खुडूक कुनाकडं न्हाय."

खुडूक म्हणजे अंड्यांवर बसायला आतुर झालेली कोंबडी. मच्छिंद्रनं झाकण शोधून किटलीवर बसवलं. ते वाकडं झालं होतं, नीट बसेना.

सकाळी सायकलची घंटी वाजली तेव्हा चांगुणा अंगण झाडत होती. हँडलला एक पिशवी, पिशवीतून एक काळीभोर, रागीट मान बाहेर आलेली.

"आमची खुडूक," मच्छिंद्र म्हणाला. "सगळ्या वाटेनं शिव्या दिल्यात तिनं मला."

"तुमच्या आईनं दिली?"

"आमच्या घरची हाय." एवढं बोलून तो लगबगीनं किटल्या सावरू लागला.

"आन कालचं दूध?"

"नासलं."

"मग सोसायटीवाले?"

"बोलले. म्या ऐकून घेतलं." तो निघता निघता थांबला. "बाजरीनं डोळा उघडला का, ते बगायला संध्याकाळी येतो... जाता जाता."

त्याची वाट खरं तर दुसरीकडून जवळची होती. हे चांगुणाला दोन-तीन दिवसांनी कळलं आणि ती कुणाजवळ बोलली नाही.

पण ते दिवस सुखाचे नव्हते. बाजरी खात नव्हती. हरणा ज्वारीच्या कण्या भिजवून बोटावर धरायची, बाजरी चोच फिरवायची. उन्हाळ्याची माशी वाईट. जखमेवर बसली तर अळ्या पडतात, आणि अळ्या पडल्या की संपलं. चांगुणा रोज सकाळी फडकं उचलायच्या आधी क्षणभर थांबायची. आणि संध्याकाळ झाली, घंटी ऐकू आली नाही, की तिला आणखी एक भीती वाटायची. त्या भीतीला नाव द्यायला ती तयार नव्हती.

रानमांजर तर रोज येत होतं. ऊन उतरलं की बाभळीखाली दोन डोळे. काळी खुडूक दाराच्या आत डालग्याखाली अंड्यांवर बसलेली, वर दगड, तरी हरणा झोपेत दचकायची.

एकदा मच्छिंद्र कुंपणाशी उकिडवा बसला. धुळीत पावलं उमटली होती. "हिकडं या जरा," त्यानं चांगुणाला बोलावलं. दोघं वाकून बघू लागली. त्याच्या मनगटाला दुधाचा आणि औषधाचा वास होता. "बगा, पाऊल आधी डालग्याकडं गेलंच न्हाय. आधी खापराकडं गेलंय. रोज. त्या मांजरीला पानी पायजे. कोंबडी आडवी आली म्हनून..."

मागं हरणा उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

"मग मीच तिला बोलावलं?" ती म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत आत पळाली.

त्या दिवसापासून हरणानं खापर पालथं करून ठेवलं. आबारावांनी मांजरावर तोडगा सांगितला, की भाकरीत उंदरांचं औषध घालून ठेवा. बानूबाईनं चुलीपासून न उठता उत्तर दिलं, "दुस्काळात कुनाच्या तोंडात पानी घालता येत न्हाय, तर इख तरी घालू नये आबाराव."

आबाराव खाली बघत निघून गेले. मांजर मात्र आता अधिक जवळ यायला लागलं. काट्यांपर्यंत.

मग एक सकाळ अशी आली की चांगुणानं फडकं उचललं, आणि जखमेवर कोरडी, घट्ट खपली होती. बाजरी तिच्याकडं एका डोळ्यानं रागानं बघत होती. हरणानं कण्या पुढं केल्या. बाजरीनं एक टिपली. मग दुसरी. मग हरणाचं बोटच.

आणि त्याच दिवशी डालग्याखालून किलबिल ऐकू आली.

संध्याकाळी मच्छिंद्र आला तो आज घंटी न वाजवता. सायकल भिंतीला लावली, उभाच राहिला. चांगुणा उंबऱ्यावर वाकळेला टाके घालत होती.

"पिलं निघाली," ती म्हणाली. "हसत का न्हाय?"

"घरी इचारलं आज. आईनं."

"काय?"

"काळी कुटं हाय म्हनून. म्या तिला न सांगताच आनली हुती."

चांगुणाची सुई थांबली.

"आमच्या आईची रीत हाय," तो खाली बघत म्हणाला. "खुडूक परक्याला द्यायची न्हाय. दिली की घरची ऊब जाती म्हनती. फकस्त सोयऱ्याच्या घरी द्यायची."

"मग... घिऊन जावा तुमची कोंबडी." हीच ती भीती, जिला तिनं नाव दिलं नव्हतं.

"तसं न्हाय. म्या आईला म्हनलं..." तो अडखळला. म्हशीच्या लाथा खाणारा गडी, कपाळावर घाम आला होता. "म्हनलं, परक्याला न्हाय दिली."

ओढ्यावरून गरम वारा आला. आत बानूबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

"आन आमी परकेच निघालो तर?" चांगुणानं वाकळेकडं बघतच विचारलं.

"तर आईची रीत मोडली म्हनून शिव्या खाईन. रोज. जलमभर."

"सवय हाय म्हना तुमाला. काळीनंबी दिल्यात." तिनं दोरा दातानं तोडला. मग हळूच म्हणाली, "आईला म्हनावं, या कोंबडी बगायला. आन पिलं बी."

"कोंबडी बगायला?"

"मग काय बगायला येतात बाया?"

आता मच्छिंद्र हसला. आत बांगड्या पुन्हा वाजू लागल्या, जरा जास्तच जोरात.

हरणा मात्र हसत नव्हती. ती रस्त्याकडं बघत होती. पिलं निघाली होती आणि रस्ता रिकामा होता.

चांगुणा तिच्याजवळ जाऊन बसली. "पट्टा पडायला अजून वेळ हाय, हरणा. आई त्येच्यावर येती, कोंबडीवर न्हाय. बाजरी मेली असती तरी आली असती."

"खरं?"

"खरं. आन तू पानी ठेवलं त्यात तुजी चूक न्हाय. तानेल्याला पानी दिसलं, तो आला."

हरणानं ओढ्याकडं बघितलं. बाभळीखाली दोन डोळे चमकत होते. मग तिनं विचारलं, "पानी तिथंच मिळालं तर ती हिकडं कशाला यील?"

मोठ्यांपैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. मच्छिंद्र म्हणाला, "म्या ठेवून येतो."

"तुमच्याकडं झाकन हाय," हरणा म्हणाली. "ती तुमाला भिती."

तिनं पालथं खापर उचललं. फुंकून धूळ उडवली. आपल्या वाटणीच्या तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि कुंपणाची काटी सारून ती बाहेर पडली. चांगुणा उठली, तिच्यामागं मच्छिंद्र उठला. दोघंही काटीपाशी थांबली, आणि कुणाचा हात कुणी धरला ते दोघांनाही कळलं नाही.

हरणा बाभळीकडं चालू लागली. थोडं पाणी सांडलं. डोळे आणखी जवळ आले. तिनं खापर बाभळीच्या मुळाशी टेकवलं, सरळ उभी राहिली, पाठ फिरवली.

आणि पळाली नाही. हळू चालत आली.