तेलाचा डाग

"उद्या सकाळी दहाला भंगारवाला येतोय. रोज उठून फरशीवर तेलाचं थारोळं! किती दिवस पुसायचं?" एवढं बोलून मामाने पानावर मान खाली घातली आणि आजोबांच्या म्हाताऱ्या गाडीचा निकाल लागला.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. त्याच गाडीत त्यांच्या मांडीवर बसून चिंगी वळण घ्यायला शिकली होती. 

जेवणानंतर ती मामेभावाला, ढब्बूला, ओढत गॅरेजमध्ये घेऊन गेली. पुढे मामाची नवी गाडी, मागे म्हातारी. ढब्बूला नवीचा भारी तोरा. नवीच्या काचा बटणाने उतरतात, म्हातारीच्या काचा उतरवताना दंड भरून येतात. नवी गोड आवाजात पट्टा लावायला सांगते, म्हातारी नुसती खोकते. चिंगीने मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण ते सगळं खरं होतं.

पण एक गोष्ट तिला खटकत होती. आजोबा दर रविवारी इंजिनातली लांब पट्टी काढून म्हातारीचं तेल पाहायचे. सुट्टीभर ते एकाच खुणेवर होतं. रोज एवढं सांडतं, मग कमी कसं होत नाही?

"नवीची पट्टी कधी बघितलीय?" तिने विचारलं.

"बाबा नाही बघत. पडद्यावर हिरवी खूण दिसली की झालं."

चिंगीने नवीखाली गोटी सोडली. फरशीला उतार होता. गोटी घरंगळत थेट म्हातारीखाली जाऊन थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, खोकी फाडली आणि दोन्ही इंजिनांखाली एकेक पुठ्ठा सरकवला.

सकाळी नवीचा पुठ्ठा तेलाने काळा झाला होता. म्हातारीचा कोरा करकरीत!

मामाने नवीची पट्टी काढली. टोकाला थेंबसुद्धा नव्हता, आणि पडद्यावर खूण मात्र हिरवीच. मामाला घाम फुटला. आज तो सगळ्यांना याच गाडीतून डोंगरावर नेणार होता. त्याने दोघांना पोटाशी धरलं आणि तोंडभरून शाबासकी दिली.

"मग म्हातारी राहणार ना?" चिंगीने विचारलं.

 पण म्हातारीची नोंदणी मामाने गेल्याच आठवड्यात रद्द केली होती. भंगारवाल्याची त्याने विनवणी करून पाहिली. तो बिचारा कागद दाखवत राहिला. कागदावर ती केव्हाच मोडली होती, तिला सोडणं आता त्याच्याही हातात नव्हतं.

नवीला ढकलून बाजूला केलं आणि म्हातारी गेली. चिंगी हमसून हमसून रडली.

आजोबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "मला वाटायला लागलं होतं, मलाच आता नीट दिसत नाही. माझी गाडी चोख होती. तुम्ही दोघांनी ते दाखवलंत."

मग त्यांनी तो कोरा पुठ्ठा उचलला आणि हातोडी मागितली. गॅरेजच्या भिंतीवर ते पुठ्ठा ठोकत होते, तेव्हा मामा कुणी न सांगता खिळे घेऊन शेजारी उभा राहिला.