सहावा फवारा

"पाचांतला एकही आत नाही! मावशी, गुडघा दुखतोय का गं?" चेंडू परत ढकलत भिंगरीनं हळूच विचारलं.

"गुडघा धडधाकट आहे. चेंडू टाक!"

मावशी ऐंशी आंतरराष्ट्रीय हॉकी सामने खेळलेली. पेनल्टी कॉर्नर म्हटला की तिचा गोल ठरलेलाच! पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनं वर्ष खाल्लं. आज निवड चाचणी होती. सकाळी दहा फटके, दुपारी दहा. संघात जागा एकच, आणि पलीकडच्या गोलवर एक नवी पोरगी धडाधड गोल मारत होती.

"वय झालं बाईंचं," खुर्चीत बसलेले मैदानाचे व्यवस्थापक निवड समितीच्या प्रमुख बाईंच्या कानाशी लागले. भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

जेवणाच्या सुट्टीत तिचा भाऊ ढब्बू मोजे पिळत बसला. शाळेला सुट्टी म्हणून ही भावंडं आणि शेजारचा चष्मिस चेंडू वेचायला आली होती.

"ताई, माझे मोजे ओलेचिंब. तुझे कोरडे कसे गं?"

"मी मावशीच्या बाजूला होते ना..." म्हणता म्हणता भिंगरी ताडकन उठली. चेंडू सरसर घसरावा म्हणून हॉकीच्या कृत्रिम हिरवळीवर आधी पाणी मारतात. तिनं मावशीच्या गोलसमोर तळहात टेकला. कोरडं ठणठणीत!

"मावशी, इथं पाणीच मारलेलं नाही, हे तू सांगत का नाहीस?"

"लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. मी इथूनच मारीन!"

"मग अंगण सरळ करू या," भिंगरी म्हणाली. तिघं धावली. सहा फवाऱ्यांपैकी मावशीच्या गोलकडच्या सहाव्याच्या नळाची चावी पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे होती, आणि ती बंद केलेली होती.

"खबरदार!" व्यवस्थापक ओरडले. "खुर्च्या भिजतात त्यानं!"

"बरोबर आहे, काका," चष्मिस साळसूदपणे म्हणाला. "पण दुपारी इथं ऊन तोंडावर येतं. फोटोत पाहुणे डोळे मिचकावताना दिसतील. तुम्हीसुद्धा!"

व्यवस्थापकांनी वर पाहिलं. केस सारखे केले. "मग रे?"

"पलीकडे सावली आहे. आम्ही उचलतो की खुर्च्या!"

वीस खुर्च्या हलल्या. तिघांचे हात भरून आले.

"काका, आता भिजायला इथं काही उरलं नाही. सोडू चावी?"

"सोडा, सोडा!" व्यवस्थापक कॉलर ताठ करत म्हणाले.

फुर्रर्र! मैदान चकाकलं.

दुपारचा पहिला फटका खांबावर आदळला. भिंगरीनं डोळे मिटून देवाला साकडं घातलं.

"डोळे उघड! चेंडू कोण आणणार?" मावशी गरजली.

मग सुरू झाला गोलांचा सपाटा! दहांत नऊ! नव्या पोरीचे सात.

प्रमुख बाई मैदानात उतरून आल्या. मैदान चाचपून त्यांनी मुलांना खोदून खोदून विचारलं. भिंगरीनं घडलं ते सांगितलं. व्यवस्थापक आपले बूट न्याहाळू लागले.

"सकाळचे फटके बाद," बाई म्हणाल्या. "दुपारी मैदान दोघींना सारखं होतं, तेच धरायचं. आणि पोरांनो, मी पंचवीस वर्षं खेळाडू निवडतेय, पण मैदानाला हात लावून बघायची बुद्धी तुम्हाला झाली. शाबास!" मग त्या मावशीकडे वळल्या. "सोमवारी संघाचं विमान आहे. सामान बांधा."

मावशी मटकन त्या ओल्या हिरवळीवरच बसली. हसत होती की रडत होती, कळेना.

"अगं, भिजशील!" ढब्बू ओरडला.

"भिजू दे रे!" मावशी म्हणाली, आणि तिनं तिघांनाही खाली ओढलं.